सकाळी शाहरीत, दुपारी पोपटी, सूर्यास्ताला मलिदा : एका यहुदी धार्मिक वर्गाची अलिबाग सहल

मुंबईतल्या एका सिनेगॉगमध्ये दर रविवारी मुलांचा धार्मिक वर्ग भरतो. हिब्रू अक्षरं, तोरा या धर्मग्रंथातल्या गोष्टी, सणांची माहिती, प्रार्थनेच्या चाली असं सगळं तिथे शिकवतात. वर्गाचं आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. मुलं सात ते पंधरा वयाची, पंचवीसेक. बहुतेक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी; एक-दोन घरं बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्यांची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि रविवारी हिब्रू असा त्यांचा आठवडा. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतातले यहुदी पाच हजारांच्या आतच भरले. त्यामुळे आपल्या शाळेत आपल्या धर्माचं दुसरं मूल भेटणं ही गोष्ट या मुलांना ठाऊकच नाही. वर्गाच्या सहलीत ती पहाटेपासून रात्रीपर्यंत फक्त एकमेकांत असतात. म्हणून या सहलीची आखणी आम्ही फार मनावर घेतो.

याआधी आखणीचा एक ठरलेला साचा होता. सकाळी धर्म, दुपारनंतर मोकळीक. सकाळभर मुलं 'कधी संपणार' म्हणून चुळबुळ करायची, दुपारी एकदा पाण्याकडे धावली की कुणाचं ऐकायची नाहीत, आणि मिन्हा, म्हणजे दुपारची प्रार्थना, परतीच्या बसमध्ये कशीबशी उरकली जायची. पालकांमध्येही दोन तट पडले होते. एकांचं म्हणणं, मुलांना आठवडाभर क्लासच असतात, निदान सहलीत तरी त्यांना खेळू द्या. दुसऱ्यांचं म्हणणं, नुसतं खेळायचं तर आम्ही घरचेच त्यांना नेऊ. मला स्वतःला दोन्ही बाजूंचं गाऱ्हाणं रास्त वाटत होतं. चूक त्या वाटणीतच होती. या वेळी ठरवलं की वाटणी करायचीच नाही. ऊन, भरती-ओहोटी आणि हिब्रू पंचांग यांच्या मानाने दिवस लावायचा आणि प्रत्येक टप्प्यावर मुलांच्या हाती काहीतरी खरं काम द्यायचं.

दिवस आणि वेळा

शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्यामुळे प्रवास नाही. शुक्रवारी सूर्यास्ताआधी घरी पोचायचं, म्हणजे तोही बाद. उरला रविवार. हिब्रू पंचांगातल्या शवात महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे तू बिश्वात, झाडांचं नववर्ष. कोकणातले आपले जुने लोक याला एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, उरूस म्हणत आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचं आणि फळांचं नवसाचं ताट, करत. २०२६ मध्ये हा सण २ फेब्रुवारीला, सोमवारी होता. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. तेव्हा रविवारी, १ तारखेला संध्याकाळपर्यंत खंडाळ्यात थांबलो, तर सणही साधतो आणि सोमवारची शाळाही बुडत नाही. आणखी एक योग होता. आदल्या दिवशी सिनेगॉगमध्ये तोराचा जो पाठ वाचला जाणार होता, तो बेशलाह, म्हणजे समुद्र दुभंगून इस्राएली पार झाले तो भाग. शनिवारी ते ऐकायचं आणि रविवारी समुद्रावर उभं राहायचं!

मग वेळांचं गणित. धर्मशास्त्रातला तास साठ मिनिटांचा नसतो. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे एक तास. त्या दिवशी सूर्योदय सव्वासातच्या आसपास आणि सूर्यास्त साडेसहाच्या आसपास होता. म्हणजे तो तास छपन्न-सत्तावन्न मिनिटांचा. शमा, म्हणजे देव एकच असल्याची ग्वाही, म्हणायची मुदत तीन तासांची, म्हणजे सकाळी दहापर्यंत. शाहरीत म्हणजे सकाळची प्रार्थना; तिच्या मुख्य भागाची मुदत चार तासांची, म्हणजे अकराच्या आत. मिन्हा दुपारी सव्वाएकनंतर, सूर्यास्तापूर्वी. हे गणित शिक्षकांनी स्वतः मांडलं नाही. आधीच्या रविवारी मोठ्या मुलांना फळ्यावर करायला लावलं. सहलीच्या दिवशी घड्याळाकडे सगळ्यात जास्त लक्ष त्यांचंच होतं.

पहाटे साडेपाचला निघायचं आणि शाहरीत अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये करायची असं ठरलं. वाटेत अडकलोच तर पनवेलचं सिनेगॉग हाताशी होतं. त्यापुढेही एक नियम केला होता. नऊ वाजता बस जिथे असेल तिथे शमा म्हणून घ्यायची. अलिबाग आणि किहीमच्या पोलिसांना आगाऊ कळवलं होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या कुलाब्यातल्या नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून आपल्या मंडळींनी सावध राहायचं हे सांगावं लागत नाही.

दहावा माणूस

कद्दिश, केदुशा अशा काही प्रार्थना दहा प्रौढ पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाहीत. दहांच्या त्या जमातीला मिनियान म्हणतात. तेराच्या वरचा मुलगा यात धरला जातो. आमचा हिशेब असा : दोन शिक्षक, पाच वडील, बार मित्झवा (मुलगा तेराचा झाल्यावरचा विधी) झालेले तीन मुलगे. बरोबर दहा. शनिवारी रात्री शब्बाथ सुटल्यावर फोन सुरू झाले आणि दोन वडील गळाले. एकाची ड्यूटी लागली होती, एकाला ताप.

राहिले आठ. मुंबईतून आयत्या वेळी आणखी कुणाला उठवण्यापेक्षा अलिबागलाच फोन केला. तिथे आता मोजकीच घरं राहिली आहेत. एकोणिसाव्या शतकात याच गावातली एक आळी इस्रायल आळी म्हणून ओळखली जात होती आणि तिथल्या सिनेगॉगची पहिली वास्तू १८४८ मध्ये उभी राहिली होती. आजची इमारत १९१० ची. फोनवर पलीकडून एक वयस्क काका म्हणाले, "दोघं येतो, पण सकाळपुरते नाही. मुलं आलीत तर दिवसभर तुमच्याबरोबरच राहू."

पुढे मिन्हाला आणि अर्वीतला, म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेला, त्याच दोघांमुळे दहा भरले. पण त्यांचा खरा उपयोग वेगळाच झाला. बसमध्ये मुलांनी त्यांना मध्ये बसवलं आणि अलिबागला पूर्वी तेलाचे घाणे कुणाकुणाचे होते, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक आपल्याला शनिवार तेली कसे म्हणत, आंग्र्यांच्या आरमारात आपली माणसं कशी चाकरीला होती, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकलं. वर्गात हेच आम्ही तक्त्यावर शिकवलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

शाहरीत आणि नवगाव

वडखळला वाहतूक तुंबली आणि बस तासभर जागची हलली नाही. नऊला ठरल्याप्रमाणे बसमध्येच शमा झाली. प्रवासाची प्रार्थना मात्र त्याआधीच झाली होती. ती गाव संपल्यावर म्हणायची असते. मुंबई नेमकी कुठे संपते यावर मुलांचा बराच वाद झाला. नवी मुंबईपर्यंत घरांना खळ नाहीच. शेवटी पनवेल मागे पडल्यावर म्हणायची असं ठरलं. साडेनऊला सिनेगॉगमध्ये पोचलो आणि मुदतीच्या आत शाहरीत पार पडली. रविवारी सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, बाहेर काढून वाचायची नसते, तेव्हा लहान मुलं थोडी हिरमुसली. काकांनी हेखालचा, म्हणजे तोरा ठेवायच्या कपाटाचा, पडदा सारून आतल्या गुंडाळ्या दाखवल्या.

नंतर नवगाव. अलिबागच्या उत्तरेला, किहीमजवळचा हा किनारा. परंपरा सांगते की आपल्या पूर्वजांचं गलबत इथेच फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना समुद्राने बाहेर टाकलं आणि त्यांना इथेच पुरलं. ते दफनस्थान आणि स्मारक आजही आहे. शाहरीत तिथेच करावी असं काही पालकांनी सुचवलं होतं. भावना चांगली असली तरी शास्त्राला ते मान्य नाही. कबरीपासून चार हातांच्या आत तेफिल्लीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या डब्या) बांधून उभं राहायचं नाही, रोजची प्रार्थना म्हणायची नाही. मृतांना आता आज्ञा पाळता येत नाहीत, मग त्यांच्यासमोर आपण त्या पाळून दाखवणं हा त्यांचा अवमान ठरतो. म्हणून तल्लित (प्रार्थनेची शाल) आणि तेफिल्लीन सिनेगॉगमध्येच पिशव्यांत गेली. नवगावला फक्त स्तोत्रं आणि मृतांसाठीची प्रार्थना.

एका मुलाचा प्रश्न आधीच लक्षात आला होता. तो बगदादी घरातला आणि कोहेन, म्हणजे पुरोहित, कुळातला. बेने इस्राएलांत कोहेन-लेवी घराणी परंपरेने नाहीत, त्यामुळे आपल्याकडे हा मुद्दा सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण कोहेनने दफनभूमीत पाऊल टाकायचं नसतं. त्याला एकट्याला बाहेर ठेवलं असतं तर शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं. म्हणून अख्ख्या गटाची पहिली गोष्ट बाहेरच, किनाऱ्यावर झाली. आत जाणारे पाच-पाच मिनिटं जाऊन आले, बाहेर पडताना हात धुतले, आणि तेवढा वेळ दोन मित्र त्याच्यासोबत वाळूत थांबले.

किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून समुद्रगीत, म्हणजे समुद्र पार झाल्यावर इस्राएलींनी गायलेलं गीत, म्हटलं. शाहरीतमध्ये ते रोज येतं आणि रोज भराभर म्हटलं जातं. इथे पाण्याकडे तोंड करून ओळीओळीने म्हटलं. एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मध्येच विचारलं, "तिकडे समुद्राने वाट दिली, मग इथे आपलं गलबत का बुडवलं?" शिक्षक गप्प राहिले. काका म्हणाले, "सगळं नाही ना बुडवलं, बाळा. मोज बरं इथे किती जण उभे आहेत." तिने खरोखरच मोजायला सुरुवात केली.

इथे आम्ही जरा जास्तच थांबलो असं माझं मत आहे. ऊन चढलं होतं, लहानांना भूक लागली होती. पुढच्या खेपेला नवगावचा टप्पा अर्ध्या तासाच्या वर नेऊ नये.

पोपटी

जेवण हा अशा सहलीतला सगळ्यात अवघड भाग. बाहेरच्या खाणावळीत ज्या तव्यावर सुरमई तळतात त्याच तव्यावर कोळंबीही तळतात. सुरमईला पर आणि खवले असतात, म्हणून ती चालते; कोळंबी चालत नाही, म्हणून तो तवाही चालत नाही. दरवेळी घरून चपाती-भाजीचे डबे नेले जात. पण माघ महिन्यात रायगडात जायचं आणि डबा खायचा हे कुणालाच पटेना. वालाच्या शेंगांचा हंगाम, घरोघरी पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या शेंगा, बटाटे, कोंबडी, लागलेल्या. मग पोपटीच करायची ठरलं, शास्त्राला धरून.

किहीमच्या एका वाडीत जागा मिळाली. मडकी कोरी आणली. साध्या मातीचं कोरं मडकं पाण्यात बुडवून शुद्ध करावं लागत नाही, धातूच्या भांड्याला ते करावं लागतं. कोंबडी अर्थातच नाही. वाडीवाले काका पोपटीत मुरलेले, पण आमच्या सेफार्दी रिवाजात मडकं जाळावर ठेवणं आपल्याच हाताने व्हावं लागतं. हे त्यांना सांगितल्यावर ते बाजूला खाटेवर बसले आणि तिथून सूचना देऊ लागले. "पाला आणखी कोंबा. तळाला मोकळं राहिलं तर शेंगा करपतील."

खरी मेहनत होती शेंगांची. वालाच्या शेंगेत अळी असते आणि अळी खाणं आपल्याला पूर्ण वर्ज्य. बाहेरून शेंग कितीही गुळगुळीत दिसली तरी भरवसा नाही. पोपटीत शेंगा अख्ख्या घालतात, सोलून घातल्या तर ती पोपटीच नाही. यावर आदल्या आठवड्यात बराच खल झाला होता. वाल वगळून नुसते बटाटे-रताळी घालावीत असाही एक विचार होता. शेवटी मुलांनाच कामाला लावलं. ताडपत्रीवर मांडी घालून बसायचं, शेंगेच्या शिवणीत अंगठ्याचं नख घालून ती एका बाजूने उकलायची, उन्हाकडे धरून एकेक दाणा बघायचा. दाण्यावर बारीक काळं भोक दिसलं किंवा आत भुकटी दिसली की ती शेंग बाजूला. स्वच्छ असेल तर पुन्हा मिटून टोपलीत. लहानांनी उकललेली प्रत्येक शेंग मोठ्या मुलाने पुन्हा बघायची. सात वर्षांची मुलंसुद्धा या कामात अशी रंगली की कुणाला उठवावं लागलं नाही. पहिली अळी सापडली तेव्हा तर वाडीत एकच जल्लोष झाला.

मग मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, जाडं मीठ, ओवा, पुन्हा पाला. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवलं, भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचल्या आणि बार मित्झवा झालेल्या मुलाने जाळ लावला. उकललेल्या शेंगा थोड्या कोरड्या झाल्या, हे खरं. चवीत काही उणं पडलं नाही. मुलं चाखायची थांबेनात.

काश्रुतचे, म्हणजे काय खावं न खावं याचे, नियम मुलांना आम्ही वर्षानुवर्षं 'हे चालत नाही, ते चालत नाही' अशा यादीने शिकवतो. इथे तोच नियम त्यांच्या नखाखाली होता. सबंध दिवसात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

भरती, किल्ला आणि मिन्हा

मुलांची एक जुनी मागणी होती : अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं. ओहोटीला वाट उघडी पडते, तेव्हा जाता येतं. कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. प्रत्यक्षात तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्या रविवारी माघी पौर्णिमाच होती, म्हणजे भर दुपारी उधाणाची भरती आणि ओहोटी थेट सूर्यास्ताला. हिब्रू महिनाही चंद्राचाच, आणि तू बिश्वात नेहमी पंधराव्या तिथीला. म्हणजे या सणाला कोणत्याही वर्षी दुपारी किल्ल्याची वाट पाण्याखालीच असणार. हे ज्याच्या लक्षात आलं तो बारा वर्षांचा मुलगा होता. तो दिवसभर सगळ्यांना तिथ्या विचारून भरत्या सांगत होता.

किल्ला बाद झाला. भरती पूर्ण असताना पाण्यात कुणी नाही, सुरूच्या बनात लगोरी आणि लंगडी. साडेतीननंतर पाणी बरंच उतरलं की घोट्याएवढ्या पाण्यात खेळायचं, त्यापुढे नाही, कारण ओहोटी आत ओढते. मध्ये तीन वाजता मिन्हा.

मिन्हा वाळूत करावी ही कल्पना सगळ्यांना आवडली होती. यरुशलेम आपल्याला पश्चिमेकडे, भारतातल्या सिनेगॉगमध्ये हेखाल पश्चिमेच्या भिंतीला असतो, आणि इथे तर पश्चिमेला साक्षात समुद्र. प्रत्यक्षात रविवारची गर्दी होती. समोर अर्ध्या कपड्यांत पोहणारे लोक, मोटारबोटी, घोडागाड्या. उघड्या अंगांकडे तोंड करून प्रार्थना करता येत नाही, आणि लहान मुलांच्या माना तर आपोआप बोटींकडे वळत होत्या. शिक्षकांनी लगेच सगळ्यांना बनात आत नेलं. झाडांच्या खोडांमधून समुद्र नुसता चमकताना दिसेल इतक्या अंतरावर. चौदा वर्षांच्या मुलाने हज्जान होऊन प्रार्थना चालवली. त्याची ती पहिलीच वेळ होती. तू बिश्वातच्या पूर्वसंध्येला मिन्हात तहनून ही क्षमायाचना वगळतात, त्यामुळे प्रार्थना आटोपशीर झाली. दहा होते, केदुशा झाली. संपल्यावर मुलं पाण्याकडे पळाली आणि तासाभराने बोलावल्यावर परतही आली. आधीच्या सहलींत असं कधी घडलं नव्हतं.

खंडाळ्याचा कातळ

साडेपाचला खंडाळ्याला पोचलो. एलियाहू हनाबी रथातून स्वर्गाकडे गेले तेव्हा घोड्याच्या टापा आणि रथाची चाकं काळ्या कातळावर उमटली अशी श्रद्धा आहे. लोक इथे नवस बोलतात, फेडतात. उन्हं कलती असल्यामुळे खोबणींत सावल्या पडल्या होत्या आणि खुणा ठसठशीत दिसत होत्या. भर दुपारी त्या इतक्या दिसत नाहीत. इथे येणाऱ्यांनी हीच वेळ धरावी.

मलिद्याचं ताट मुलींनी लावलं. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती पाच फळं, वर गुलाब. सूर्यास्त झाला आणि एलियाहू हनाबीचं गीत सुरू झालं. मग एकेका पदार्थाची ब्राखा, म्हणजे खाण्याआधीचं स्तुतिवचन. खजूर-द्राक्षांना झाडाच्या फळाची, केळ्याला मात्र जमिनीच्या फळाची. केळीला एकदा घड आला की ते खोड संपतं, पुन्हा त्याच खोडाला फळ धरत नाही, म्हणून शास्त्र तिला झाड मानत नाही. मुंबईच्या मुलांना हे पटायला वेळ लागला. दुपारी वाडीतली कापलेली खोडं पाहिली होती, ती अलिबागच्या काकांनी आठवून दिली. चांदण्या दिसल्यावर अर्वीत झाली आणि बस निघाली.

नंतर

पुढच्या रविवारी पालकांशी बोललो. दोन तटांचा वाद या वेळी निघाला नाही. पण एका आईने नेमकं बोट ठेवलं : मिनियानमध्ये मुली धरल्या जात नाहीत हे ठीक, पण मग दिवसभर मुलींच्या वाट्याला ताट लावणंच का यावं? सकाळच्या वेळांचं गणित, समुद्रगीताची सुरुवात, नवगावची गोष्ट सांगणं, यात शास्त्राची कोणतीच आडकाठी नाही. मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं आणि पुढच्या आखणीत ही कामं मुलींकडे लिहून दिली आहेत. अलिबागच्या दोघा काकांना आगाऊ विचारून ठेवलं आहे, आणि गळतीची वाट न बघता बारा पुरुषांची यादी करायची असं ठरलं आहे.

तारखेचा प्रश्न मात्र उभा आहे. २०२७ मध्ये तू बिश्वात २३ जानेवारीला, शनिवारी येतो, म्हणजे त्या दिवशी प्रवासच नाही. २४ जानेवारीचा रविवार धरला तर सणाची हवा असेल, पण दुपारी पुन्हा भरती. ३१ जानेवारीच्या रविवारी शवातची तेविसावी तिथी, ओहोटी बाराच्या सुमारास. किल्ला साधू शकेल, फक्त भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी पुरतं उतरत नाही, तेव्हा पायी जाता येईल की घोडागाडी लागेल हे कोळीवाड्यात विचारून घ्यावं लागेल. मलिदा नवसाचा कधीही करता येतो, असं काकांचं मत. मुलांनी ३१ साठी हात वर केले आहेत, शिक्षकांचा कल २४ कडे आहे.